शेवटचे दहा मणी

"…ते सगळं ठीक आहे, फादर. पण मग मन स्थिर कधी होतं? एवढंच सांगा."

फादर इनास कोंबड्यांच्या खुराड्यात कमरेपर्यंत शिरले होते. आतून आधी कोंबडीनेच उत्तर दिलं.

"फादर..."

"पाच," आतून आवाज आला.

"पाच काय? पाच वर्षं?"

"पाच अंडी. परवाची चार आहेत. नऊ झाली. हात पुढे कर."

ब्रदर मेल्विनने दोन्ही हात पुढे केले. एकेक कोमट अंडं त्याच्या ओंजळीत येऊ लागलं. पाचही आली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आता खिशातला कागद काढून दाखवायला हात मोकळा नाही.

फादर खुराड्यातून मागे सरकत बाहेर आले. केसांत पेंढ्याची काडी होती. त्यांनी मेल्विनच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, ओंजळीतली अंडी तेवढी मोजली.

फादर इनास तुस्कानो ऐंशीला टेकले होते. वसईकडच्या सात चर्चमध्ये मिळून पन्नास वर्षं सेवा झाली होती. निवृत्त झाल्यावर बिशपांची परवानगी काढून ते आईच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले होते. तीन कोंबड्या, एक विहीर, चार केळी आणि रोज सकाळी चर्चमध्ये सहाची मिस्सा, एवढा त्यांचा संसार.

मेल्विन डाबरे अठ्ठावीसचा. फादर घडवणाऱ्या सेमिनरीत नऊ वर्षं पहिला नंबर कधी सुटला नाही. तरुणांच्या शिबिरांत त्याची मनःशांतीवरची प्रवचनं फार गाजत. लोक वह्या घेऊन बसत आणि तो मुद्दे सांगे, एक, दोन, तीन. आता त्याच माणसाला आठ दिवस झोप नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्याचं त्यालाच वाटू लागलं होतं, आणि हे वाटणंही त्याला सोसवत नव्हतं.

शनिवारी त्याची गुरुदीक्षा होती, म्हणजे ब्रदरचा फादर होणार होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मांडववाल्याला सांगून झालं होतं. आईने साडी घेतली होती आणि रोज ती उघडून शेजारणींना दाखवत होती.

राहिला होता एकच कागद. दीक्षेच्या आधी उमेदवाराने तो स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचा असतो. मी हे व्रत कुणाच्या दबावाखाली नव्हे, माझ्या राजीखुशीने, आयुष्यभरासाठी घेत आहे, अशा अर्थाचा. खाली सही. मेल्विनने तो चार वेळा लिहिला होता आणि चारही वेळा सहीपाशी येऊन फाडला होता. सेमिनरीचे रेक्टर भले माणूस. ते म्हणाले, "आज संध्याकाळी सहापर्यंत कागद बिशपांकडे जायला हवा. नाही आला तर तुझं नाव काढावं लागेल. मग पुढचं पुढे बघू." यातलं 'पुढचं पुढे' काय असतं ते मेल्विनने दोघातिघांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यांचं ते 'पुढे' कधी आलंच नव्हतं.

म्हणून सकाळी दहाची एसटी धरून तो इथे आला होता. सातवीत असताना याच फादरांनी त्याचं नाव सेमिनरीला सुचवलं होतं. ज्याने गाडीत बसवलं, त्यानेच सांगावं, उतरू की बसू.

"मी काय विचारलं, फादर..."

"ऐकलं मी. चल, चूल पेटव."

"चूल?"

"कातरीन बायने चार दिवस अन्न सोडलंय. नव्वदी उलटलेली बाई. डॉक्टर म्हणतो, पोटात काही जाईल तर टिकेल. आज सकाळी मिस्सानंतर गेलो तर म्हणाली, तुमच्या आईसारखं पुडिंग असेल तर दोन चमचे खाईन. चार दिवसांत पहिल्यांदा काही मागितलंय तिने."

"फादर, मला साडेतीनच्या गाडीने परत..."

"म्हणून तर म्हणतो. चूल पेटव."

घरात गॅस होता. त्यावर फादर चहा करत. पुडिंग मात्र मागच्या पडवीतल्या चुलीवरच व्हायचं. चुलीवर पसरट कढई, कढईत बोटभर वाळू, वाळूवर पुडिंगचा टोप, टोपावर जाड झाकण आणि झाकणावर निखारे. खालून आणि वरून सारखाच मंद विस्तव. या वाडीत ओव्हन येण्याआधी नाताळचे केकही असेच भाजले जात.

फादरांनी टोपात साखर जाळली. ती तांबूस झाली तशी टोप गोल फिरवून तळाला सारखी लावली. दूध आटवून कोमट करून ठेवलेलं होतं. मेल्विनने वाडग्यात चार अंडी फोडली आणि काट्याने फेटू लागला. आठ दिवसांची सगळी तळमळ त्याच्या मनगटात उतरली.

"मारू नकोस त्यांना," फादर म्हणाले.

"फेटतोय, फादर."

"फेस झाला की पुडिंगला भोकं पडतात. नुसती मोड."

मेल्विनने हात आवरला. दोन मिनिटांनी तो पुन्हा खाडखाड वाजू लागला.

"समजा," तो म्हणाला, "समजा सही केली आणि दहा वर्षांनी कळलं की चूक झाली. तर?"

"जायफळ किस."

"कितीतरी जण गेले सोडून. माझ्यापेक्षा हुशार होते. त्यांनाही सही करताना वाटलंच असेल ना, की पक्कं आहे? मग मला तर आत्ताच वाटत नाही..."

"चिमूटभर बास. कडू होईल."

मेल्विनला राग आला. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही की येऊनही येत नाही, हे त्याला ठरवता येईना.

मिश्रण टोपात ओतून झालं. टोप वाळूवर बसला, झाकण बसलं. फादरांनी चिमट्याने एकेक निखारा उचलून झाकणावर मांडला. मग खुंटीवरची काळी जपमाळ काढून मेल्विनच्या हातात दिली.

"हे घे घड्याळ."

"म्हणजे?"

"आईकडे घड्याळ नव्हतं. माळ होती. पुडिंग चढवलं की ती माळ धरायची. दहा मण्यांचं एक दशक, अशी पाच. पन्नास मणी झाले की उतरवायचं. तोवर झाकणाला हात लावायचा नाही. मी कातरीन बायला सांगून येतो, येतंय म्हणून. नाहीतर ती पुन्हा रुसायची."

"आणि शिजलंय की नाही हे बघायचं कसं?"

"बघायचं कशाला?"

एवढं बोलून फादर काठी घेऊन निघूनही गेले.

मेल्विन चुलीपुढे पाटावर बसला. त्याने माळ धरली.

सेमिनरीत त्याच्याइतकी जलद माळ कुणाची होत नसे, आणि हे त्याला ठाऊक होतं. शब्द पाठ होते. जिभेवरून ते आपोआप घसरत आणि त्याला मन मोकळं मिळे. आता त्या मोकळ्या मनात कागद होता. पहिल्या दहा मण्यांत त्याने सही केली. दुसऱ्या दहांत फाडली. तिसऱ्यात आई साडी परत दुकानात घेऊन गेली. चौथ्या आणि पाचव्यात काय झालं ते त्याला सांगता आलं नसतं, कारण पन्नासावा मणी अचानक बोटात आला.

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

आता नियम तर नियम. पन्नास मणी झाले की उतरवायचं. त्याने चिमट्याने झाकण उचललं. आत नुसतं दूध डुचमळत होतं. त्याने घाईने झाकण ठेवलं, ते तिरकं बसलं आणि राखेची चिमूट आत पडली.

"अरे देवा," मेल्विन म्हणाला. प्रार्थना म्हणून नव्हे.

पाच मिनिटांनी त्याने पुन्हा उघडलं. तसंच होतं. राख मात्र वाढली. मग तो उठला, पडवीत येरझाऱ्या घातल्या, विहिरीत डोकावला, परत आला आणि तिसऱ्यांदा झाकण उचललं. कडेला काहीतरी धरू लागलं होतं. पण मधोमध? मधोमध हलत होतं. टोपाला नुसतं बोट लावलं तरी हलत होतं.

हे हलणं त्याला बघवेना.

ठीक आहे, तो मनाशी म्हणाला. आता घाई नाही. आता पक्कं झाल्याशिवाय उतरवायचंच नाही. त्याने झाकणावर आणखी निखारे घातले. खाली दोन लाकडं सरकवली. माळ खुंटीला अडकवून घड्याळ समोर ठेवलं आणि चांगला पाऊण तास हाताची घडी घालून बसून राहिला. मग सुरी खुपसून पाहिली. सुरी उभी राहिली.

"आता बोला," तो सुरीला म्हणाला.

फादर आले तेव्हा पुडिंग ताटात उलटून ठेवलेलं होतं. म्हणजे उलटायला गेल्यावर जे काही पडलं होतं, ते ताटात होतं. इडलीसारखी भोकं पडली होती. भोवती पिवळं पाणी सुटलं होतं. तळाची साखर काळी पडली होती आणि वरून राखेचे ठिपके.

फादरांनी काठी कोपऱ्यात ठेवली. चमचा घेतला, एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिले. पुडिंग चावावं लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"राख बरी लागते," ते म्हणाले. "दरवर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची, आज पोटात गेली."

"चुकलं, फादर."

"किती वेळा उघडलंस?"

"तीनदा..." मेल्विन थांबला. "सुरी धरून चारदा."

"काय दिसलं?"

"हलत होतं."

"मग?"

"मग हलायचं थांबेपर्यंत ठेवलं."

फादरांनी चमचा खाली ठेवला. त्यांनी ताट उचललं आणि खुराड्यापुढे नेऊन पालथं केलं. कोंबड्या धावून आल्या. आपल्याच अंड्यांचं काय झालं ते त्यांनी दोन मिनिटांत साफ करून टाकलं.

मेल्विन तिथेच उभा होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्यालाच लाज वाटली. एका पुडिंगसाठी कोणी रडतं का? पण चार दिवस उपाशी असलेली म्हातारी, वाट पाहणारी आई, शनिवारचा मांडव, सगळं त्या ताटातून एकदम ओतलं गेल्यासारखं त्याला झालं.

"पाच अंडी आहेत अजून," फादर म्हणाले.

"तुम्ही करा, फादर. मी बिघडवीन."

"पुन्हा?"

"हो."

"मग तूच कर. बिघडवायची एक पद्धत तुला आता येते. मला तीही येत नव्हती, आईने हात लावू दिला नाही कधी."

पुन्हा साखर जळली. पुन्हा अंडी फुटली. या वेळी मेल्विनने ती हळूहळू मोडली, कारण पाचातलं एक जरी सांडलं असतं तरी सहावं नव्हतं. घासलेला टोप वाळूवर बसला. निखारे मांडले गेले. फादर भिंतीला टेकून पाटावर बसले आणि माळ त्यांनीच घेतली.

"तू उत्तरं दे," ते म्हणाले.

फादर अर्धी प्रार्थना म्हणत, उरलेली अर्धी मेल्विन म्हणे. फादरांचा वेग बैलगाडीचा. मेल्विन दर वेळी त्यांच्या आधी पोचायचा आणि थांबून राहायचा. दहा मणी होता होता त्याचा जीव टांगणीला लागला.

दहावा मणी झाला. आता अकरावा, म्हणून मेल्विनने श्वास घेतला. पण फादर डोळे मिटून दुसरंच बोलू लागले.

"बस्त्यावचा गुडघा. जिना चढवत नाही त्याला. लोपीसांचा जावई दुबईला आहे, महिना झाला फोन नाही. रोझीच्या मुलीचं ठरत नाही, ठरलं की मोडतं. शाळेतल्या बाईंची बदली. पलीकडच्या पाटलांची म्हैस अडली होती, ती सुटली, त्याबद्दल आभार."

"हे कशासाठी, फादर?" मेल्विनने हळूच विचारलं.

"आईची रीत. दर दहा मण्यांनंतर वाडीतली नावं. पन्नास मण्यांना तिला तासभर लागायचा तो काय उगीच?"

"हे मघाशी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालास, शिजलंय हे बघायचं कसं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मेल्विनचा हात सवयीने चिमट्याकडे गेला. फादरांनी डोळे मिटलेलेच ठेवून चिमटा आपल्या पाटाखाली सरकवला.

दुसरे दहा मणी. पुन्हा नावं. मेल्विनला ती माणसं माहीत नव्हती. पण बस्त्याव जिना कसा चढत असेल, ते त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. जावयाचा फोन आला असेल का, असंही मनात येऊन गेलं. तेवढ्यापुरता कागद बाजूला राहिला. मग आठवण झाली आणि घड्याळाकडे नजर गेली. दीड वाजत आला होता.

तिसरे दहा. पडवीत जळक्या साखरेचा वास सुटला. आधी थोडा, मग भरून.

"वास आला, फादर."

"आला."

"उतरवू?"

"माळ म्हण."

तिसऱ्या दहांनंतरची यादी लांबली. कुणाचा दमा, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचा मुलगा दारू सोडतो म्हणून तिसऱ्यांदा घरी आलेला. शेवटी फादर जरा थांबले.

"आणि मेल्विन डाबरे," ते म्हणाले. "त्याला आज एक कागद लिहायचाय."

पुढे काही नाही. त्याला सुबुद्धी दे नाही, त्याने सही करो नाही, न करो नाही. गुडघ्याच्या आणि म्हशीच्या रांगेत त्यांनी त्याला बसवलं आणि पुढचा मणी ओढला. उत्तर द्यायची मेल्विनची पाळी होती आणि या वेळी फादरांना थांबावं लागलं.

चौथे दहा मणी संपले. नावं संपली.

फादर गुडघ्यावर हात टेकून उठले. फडक्याने झाकण उचललं, अगदी सरळ, राखेचा कण पडला नाही. टोपाला त्यांनी बोटाने हलकेच धक्का दिला.

कड धरली होती. मधोमध मात्र वाटीएवढं पुडिंग थरथरत होतं.

"हे कच्चं आहे," मेल्विन म्हणाला.

"आहे."

"अजून दहा मणी राहिलेत."

"राहिलेत."

"मग?"

फादरांनी टोप वाळूवरून उचलून खाली ठेवला. दुसरं स्वच्छ झाकण घातलं. जाड फडक्याची चौघडी केली आणि मेल्विनपुढे धरली.

"शेवटचे दहा रस्त्यात म्हणायचे," ते म्हणाले. "आईही तसंच करायची. कातरीन बायचं घर तेवढंच लांब आहे."

"पण फादर, हे असं... तुमच्या आईंना कधी शंका नाही यायची? पोचेपर्यंत झालं नाही तर?"

"यायची की. म्हणून तर माळ हातात असायची."

मेल्विनने टोप उचलला. जड नव्हता, पण फडक्यातूनही चटका लागत होता. दोघे मागच्या दाराने निघाले. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठाने, केळीच्या बागेतून एकच पाऊलवाट होती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कुंपण.

फादर पुढे, काठी टेकत. त्यांनी पहिला मणी म्हटला. मेल्विनने उत्तर दिलं. त्याची नजर झाकणावर होती. प्रत्येक पावलागणिक आत काय होत असेल, ते त्याला फडक्यातून कळत होतं, निदान तसं वाटत होतं.

तिसऱ्या मण्याला त्याला ठेच लागली. टोप तिरका झाला.

"खाली बघ," फादर मागे न वळता म्हणाले.

"पुडिंग..."

"पुडिंग त्याचं ते बघेल. तू वाट बघ."

मेल्विन खाली पाहून चालू लागला. वाटेत केळीची मुळं होती, विटांचे तुकडे होते, एके ठिकाणी पाटाचं पाणी ओलांडायचं होतं. पाय कुठे टाकायचा, हे बघता बघता उत्तरं देत राहिला. सहावा, सातवा. आठवा मणी कधी झाला, ते त्याला कळलं नाही. फादरांच्या चालीला त्याची चाल मिळाली होती आणि तो आता त्यांच्या आधी पोचत नव्हता.

दहावा मणी कातरीन बायच्या ओट्यावर झाला.

सून दारातच उभी होती. आत खाटेवर म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. एवढीशी झालेली, पण डोळे लखलखीत.

"आणलं?" ती म्हणाली.

"आणलं, बाय. या ब्रदरने केलंय."

"ब्रदरने?" तिने मेल्विनला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याला येतं?"

मेल्विनने टोप स्टुलावर ठेवला. झाकण काढायला त्याचा हात धजेना. सकाळी हाच हात चार वेळा धजला होता. शेवटी सुनेनेच झाकण काढलं, टोपावर ताटली घातली आणि फटकन उलटं केलं.

मेल्विनने डोळे मिटले.

उघडले तेव्हा ताटलीत पुडिंग होतं. अखंड. वरून तांबूस पाक ओघळत होता. सुनेने चमचा घातला तर चमचा अलगद आत गेला आणि काप सरळ उभा राहिला.

कातरीन बायने पहिला घास तोंडात घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

आणि तोंड उघडलं.

दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. चौथ्याला तिने सुनेच्या हातातून चमचा काढून घेतला आणि स्वतः खाऊ लागली. सुनेने पदराने डोळे टिपले आणि उगीचच टोप धुवायला न्हाणीत घेऊन गेली.

फादर आणि मेल्विन बाहेर ओट्यावर येऊन बसले.

मेल्विनच्या बोटांना चटक्याने लाली आली होती. ती बोटं त्याने दोनदा झटकली. मग खिशातून कागद काढला, कोरा, नवा. कागदाखाली घ्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आतून येताना उचललेलं टोपाचं झाकण त्याने मांडीवर घेतलं आणि कागद त्यावर ठेवला.

"पेन आहे, फादर?"

फादरांनी झग्याच्या खिशातून पेन काढून दिलं. काय लिहितोस, असं विचारलं नाही. ते बावखलाकडे बघत बसले. पाण्यावर एक बगळा उभा होता. तो उडाला, पुन्हा येऊन बसला.

मेल्विन लिहीत होता. त्याचं अक्षर सेमिनरीत नमुना म्हणून फळ्यावर लावत. पण झाकण मांडीवर डगमगत होतं, बोटं भाजलेली होती आणि छातीत जे आठ दिवस चाललं होतं ते चालूच होतं. कमी झालं नव्हतं. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. इथेच चार वेळा तो थांबला होता. आतून म्हातारीचा चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला.

त्याने सही केली.

केली आणि बघतच राहिला. नावाची ओळ खाली उतरली होती. 'डा'चा काना वेडावाकडा झाला होता. पोराने पहिल्यांदा पाटीवर गिरवावं, तशी सही.

"फादर..." त्याचा आवाज चिरकला. "बघा ना. हात हलला. हे असं कसं द्यायचं बिशपांना?"

फादरांनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"मेल्विन डाबरे," त्यांनी वाचलं. "अक्षर लागतंय की."

त्यांनी कागदाची नीट घडी घालून परत दिली. मेल्विनने ती खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. साडेतीनची गाडी गाठायची तर आता उठायला हवं होतं. तो उठला नाही.

"खरं सांगा," तो म्हणाला. "तुमची सही कशी आली होती? तुमचा हात हलला नव्हता ना?"

फादर इनास काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते आठवू लागले.

"कधीची?" ते म्हणाले. "आज सकाळी मिस्साला केली ती?"